मरळीची जागल

खैरबोडीच्या तलावातला चार नंबरचा जागल्या बंद पडला, आणि बंद पडला ते फार बरं झालं. त्या सकाळी आचल दिघोरेला मात्र तसं वाटायचं काही कारण नव्हतं. मरळीच्या विणीचे दिवस, पोळा झाला की येणारे मोठे साहेब, आणि नेमकं आत्ताच यंत्राने अंग टाकावं! तिने कपाळाला हात लावला, डोंगा सोडला आणि वल्हं मारत ती तलावाच्या उत्तरेकडच्या कोपऱ्याकडे निघाली.

जागल्या म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. भंडारा-गोंदियाकडे रानडुकरांपासून धान वाचवायला मचाणावर राखण करतात, तिला जागल म्हणतात आणि राखणाऱ्याला जागल्या. आचलचा जागल्या धान राखत नव्हता, माशांची पिल्लं राखत होता. हातभर लांबीचं, काळ्या रबरी कातडीचं, बोथट डोक्याचं ते यंत्र उन्हावर चार्ज व्हायचं, मरळीच्या पिल्लांच्या थव्याखाली संथपणे फिरायचं आणि पाणकावळा किंवा दुसरा मासा जवळ आला की त्याच्या अंगावर धावून जायचं. पिल्लं त्यालाच बाप समजायची. आचलने नागपूरला मत्स्यशास्त्र शिकता शिकता पहिला जागल्या जोडला तेव्हा तिच्या मैत्रिणी पोट धरून हसल्या होत्या. आता, २०५१ साली, विदर्भातल्या सगळ्या तलावांत असे जागले सोडायची सरकारी योजना तयार होती. योजनेची प्रमुख म्हणून आचलचं नाव जवळजवळ पक्कं झालं होतं.

माशाला बाप कशाला लागतो, असं शहरातला माणूस हमखास विचारतो. त्याचा प्रश्न अगदीच चूक नाही. गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांचा संसार सुटसुटीत असतो. रोहू आणि कटला नदीला पाणी चढलं की लाखो अंडी सोडतात आणि आपल्या वाटेने निघून जातात. त्यातली दोनचार जगली तरी वंश चालतो. मरळीच्या पूर्वजांनी केव्हातरी दुसरी वाट धरली. मरळ अंडी घालते ती फक्त काही हजार. काठच्या गवतात नरमादी मिळून परातीएवढी जागा साफ करतात. अंड्यात तेलाचा थेंब असतो, त्यामुळे ती वर तरंगतात. मग मादी निघून जाते आणि खाली राहतो तो नर.

नरच का? माशांमध्ये अंडी फळतात ती शरीराबाहेर, पाण्यात, आणि तिथे जागा धरून बसलेला असतो नर. पुढची अंडी तयार करायची तर मादीला पोटभर खावं लागतं. राखणदाराचं मात्र अर्धपोटी राहूनही भागतं. म्हणून माशांच्या ज्या जाती पिल्लं राखतात, त्यांच्यात हे काम बहुतेक वेळा बापाच्या गळ्यात आलेलं दिसतं. अंडी फुटली की लालभडक पिल्लं हजारोंनी एकत्र येऊन पाण्यावर वळवळतात. कोणाच्या तरी हातून कुंकवाचा करंडा पाण्यात लवंडला असावा, असं वाटतं. पुढे कल्ल्यांवर भागेनासं झालं की ती वरून हवा गिळतात, त्यामुळे पृष्ठभाग सोडून त्यांना फार लांब जाता येत नाही. बाप त्यांच्या बरोबर खाली, आपली भूक गिळून, डोळ्यांत तेल घालून पहारा देतो.

या बापाचा घात त्याच्या शूरपणाने केला. शहरातले हौशी गळवाले यायचे, काठावरून गळ लावलेला रबरी बेडूक थेट पिल्लांच्या थव्यावर टाकायचे. भूक लागली म्हणून नव्हे, राग आला म्हणून बाप त्याला तोंड घालायचा आणि गळाला लागायचा. बाप गेला की दिवसभरात थवा संपायचा. जो नर चावला नाही, जो पिल्लं टाकून गेला, तो मात्र जगला आणि पुढल्या हंगामात पुन्हा बाप झाला. गळ असा वर्षानुवर्षं शूरांना वेचून काढत राहिला. आचल कॉलेजात जाईपर्यंत खैरबोडीच्या थव्यांखाली कोणी दिसेनासं झालं होतं आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर बायकांच्या टोपल्यांतून मरळही गेली होती. तिच्या डोक्यात जागल्या आला तो तेव्हा.

तर, आचल उत्तरेच्या कोपऱ्यात पोहोचली. चार नंबरचा जागल्या कमळाच्या पानांत पोट वर करून पडला होता. मोटरीत गवत गेलं होतं, बाकी काही नाही. पिल्लं केव्हाच कोणाच्या तरी पोटात गेली असतील, असं धरूनच ती आली होती. पण जरा पलीकडे लाल थवा खुशाल वळवळत होता.

इतक्यात वरून खंड्या सुटला. दगडासारखा सरळ खाली आला, आणि त्याची चोच पाण्याला लागण्याआधी सगळा थवा एकदम बुडाला. एक पिल्लू मागे राहिलं नाही. खंड्या रिकाम्या चोचीने वर गेला, फांदीवर बसून त्याने अंग झटकलं. थोड्या वेळाने पिल्लं परत वर आली, पण चार हात बाजूला.

आचल वल्हं हातात धरून तशीच बसली. थव्याखाली बाप नव्हता. पाणी नितळ होतं आणि तळापर्यंत दिसत होतं. मग पिल्लांना एकदम बुडायची हाक दिली कोणी?

तिच्याकडे पाण्याखालचा माइक होता. तो तिने खाली सोडला आणि हेडफोन कानाला लावला. हाच माइक तिने या तलावात शेकडो वेळा सोडला होता, पण प्रत्येक वेळी जागल्याच्या मोटरीची घरघर कान भरून टाकायची. आज पहिल्यांदाच खालचं पाणी शांत होतं. एक पाणकावळा जवळून पोहत गेला आणि तिला ऐकू आलं.

धप्. धप्.

थवा बुडाला. पाणकावळा लांब गेला. मग आवाज आला तो हलका, कोणीतरी नखाने माठ वाजवावा तसा. थवा वर आला.

ती दुपारपर्यंत जागची हलली नाही. दोन माइक दोन ठिकाणी सोडून आवाज येतो कुठून, त्याचा माग तिने काढला. थव्यापासून चांगला लांब, काठच्या बेशरमीच्या झुडपाची मुळं पाण्यात उतरली होती, त्यांच्या अंधारात एक थोराड मरळ निश्चल पडून होती. नर होता. कोणी म्हणालं असतं, झोपलाय बेटा. पण त्याचा डोळा थव्यावरून हलत नव्हता. आचलला एकदम हसू आलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. इतकी वर्षं ज्याला तिने पळपुटा म्हटलं, ज्याच्या जागी आपलं रबरी यंत्र नेऊन ठेवलं, तो इथेच होता आणि आपलं काम करत होता.

काय घडलं असावं, ते तिला तिथे डोंग्यातच उमगत गेलं. मरळीच्या कल्ल्यांवर हवा साठवायची पोकळी असते. ती हवा झटक्यात दाबली की पाण्यात ठोका उमटतो, आणि पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा कितीतरी वेगाने जातो. असा ठोका थोडाफार सगळेच नर देत असणार. काही नर थव्यापासून जरा लांब बसत असणार. गळ थव्यात पडायचा, त्यामुळे लांबचा नर वाचायचा. पण त्याची पिल्लं वाचायची ती त्याचा ठोका दमदार असेल आणि पिल्लांचा कान तिखट असेल तरच. दरवर्षी गळाने चाळणी लावली. बाप आणखी लांब सरकले, ठोके आणखी दणकट झाले, पिल्लं आणखी आज्ञाधारक झाली. निसर्ग नवं काही बाजारातून आणत नाही, घरात आहेत त्याच भांड्यांत भागवतो. पण काय भागवलं होतं! माणसाने शौर्याला गळ लावला, तर या माशाने शौर्य उचलून गळाच्या पल्ल्याबाहेर नेऊन ठेवलं. आचलने त्या काळ्या डोक्याकडे बघून अक्षरशः हात जोडले.

आनंद घरी पोहोचेपर्यंतच टिकला. जेवता जेवता तिच्या मनात दुसरी गोष्ट आली आणि घास तोंडाशीच थांबला.

दर हंगामात ती थोड्या पिल्लांची जनुकं तपासून कोणतं पिल्लू कोणत्या नराचं, ते बघायची. गेली काही वर्षं दोनतीन नरांचीच पिल्लं सगळीकडे दिसत होती. हे नर अंडी फळवून तासाभरात चालते व्हायचे आणि दुसरी मादी गाठायचे. त्यांना का नाही परवडणार? पोरं सांभाळायला जागल्या होताच. मरळ वाढतेय म्हणून ती खूष होती, पण वाढत होती ती पोरं टाकून जाणाऱ्यांची औलाद. हाक मारणारा बाप मुळांत बसून ठोके देत राहायचा, त्याची पिल्लं घरघर करणाऱ्या यंत्रामागे जायची, आणि त्याचा आवाज त्या घरघरीत बुडायचा. असंच चाललं तर हाक मारणारे बाप थोड्याच पिढ्यांत संपणार होते. तसे बाप दुसऱ्या कुठल्या तलावात तर कोणी पाहिलेही नव्हते. आणि संपवणार कोण, तर आचल दिघोरेचं यंत्र.

तिची आई पुस्तकलाबाई समोर बसून तिचं तोंड बघत होती. पुस्तकलाबाई म्हणजे खैरबोडीच्या महिला मच्छीमार संस्थेची अध्यक्ष. बोलणं तिखट, चालणं झपाट्याचं. लेकीचा इतका अभिमान की आल्यागेल्याला सांगायची, माझी पोरगी हजारो पोरांचा बाप आहे.

"काहून वो, भाजी अळणी झाली का?"

"नाही माय. जागले काढावे लागतीन तलावातून."

"बिघडले का सारे?"

"बिघडले नाही. म्हनूनच काढाचे."

मग तिने सगळं सांगितलं. बाप सापडला, हे ऐकून पुस्तकलाबाईने गालावर हात ठेवला. "बापा बापा! एवढा हुशार? बसल्या जागेवरून पोरं सांभाळते?" पण जागले काढायचं ऐकलं तशी तिच्या कपाळावर आठी आली. "आन पुन्हा मरळ नाही भेटली त? साऱ्या बाया माह्या तोंडात शेण घालतीन. तुह्या यंत्रानं त्यायच्या घरी चूल पेटते, बाई. तुह्या मोठ्या नोकरीचं का होईन, ते त अलगच."

"नोकरी गेली त गेली."

"असं तोंडानं म्हनाले सोपं रायते."

नोकरी जाऊ नये असं आचललाही मनापासून वाटत होतं. आयुष्यभर ज्यासाठी धडपडलो, ते हातात येता येता आपणच सोडायचं, हे कोणाला सोपं असतं? शिवाय तिला आणखी एक कोडं पडलं होतं. शेजारच्या गावच्या तलावावरही गळवाले यायचे. तिथे मरळ कमी झाली होती, पण जे नर उरले होते ते अजून थव्याखालीच बसत. मग खैरबोडीचेच बाप इतके लांब का सरकले? इथे गळाची चाळणी इतकी बारीक कशी झाली, की एकही शूर नर तिच्यातून सुटला नाही?

उत्तर सापडलं ते फोटोंत. मरळींची लांबी मोजायला म्हणून तिने गळवाल्यांनी इंटरनेटवर टाकलेले जुने फोटो जमवले होते. टोपी घातलेला कोणीतरी, दोन्ही हातांत मरळ, आणि तोंडभर हसू. आचलने कधी मागे पाहिलंच नव्हतं. आता तिने पाहिलं. मागे बेशरमीचं झुडूप होतं आणि झुडपावर चिंधी होती. दुसऱ्या फोटोत तेच. तिसऱ्यातही चिंधी होती.

ही चिंधी खैरबोडीची खास रीत होती. आचलच्या आजीने ती घालून दिली, असं म्हणत. कोणाही बाईला मरळीची पिल्लं दिसली की तिने लुगड्याची पट्टी फाडून जवळच्या झुडपाला बांधायची. चिंधी दिसली की तिथे जाळं टाकायचं नाही, गाळ ढवळायचा नाही, कपडे धुवायचे नाहीत. रीत इतकी पक्की की भांडकुदळ बाईसुद्धा चिंधीजवळ आवाज खाली आणायची. आजूबाजूच्या गावांत असं काही नव्हतं. आचलने स्वतः परकरात असताना कितीतरी चिंध्या बांधल्या होत्या. गावाने मोठ्या मायेने प्रत्येक बापाच्या डोक्यावर निशाण लावलं होतं, आणि ते निशाण गावाबाहेरच्यांनाही दिसत होतं.

हे आईला सांगायचं कसं? दोन दिवस तिने टाळलं. जागले काढणं एक वेळ सोपं होतं. ते तिचं स्वतःचं काम होतं, तिची स्वतःची चूक होती. चिंधी आईची होती. शेवटी तिने काही न बोलता फोटो आईच्या पुढ्यात ठेवला.

पुस्तकलाबाईने चष्मा लावला. आधी तिने मरळ पाहिली, कौतुकाने मान हलवली. मग नजर मागे गेली. तिने फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला.

"हे माह्यं लुगडं हाये," ती म्हणाली. "हिरवं, पिवळ्या काठाचं. तुह्या बारशाले घेतलं होतं."

"माय, तुले माहीत नोहतं."

"मी बांधली वो. माह्या हातानं." तिने चष्मा काढून ठेवला. "आन तू येवढी शिकून आली, त आमच्या चिंधीवरच उठली?"

ती उठून आत गेली. त्या दिवशी आणि दुसऱ्याही दिवशी ती लेकीशी बोलली नाही. पोळ्याला घरात पुरणपोळी झाली, ती मुकाट्याने ताटात पडली. आचलने तेवढ्यात सगळे जागले पाण्यातून काढून बांधावर ओळीने ठेवले. काळी पाठ उन्हात टाकून ते पडले होते, आणि गावातल्या बाया येऊन येऊन त्यांच्याकडे बघून कुजबुजत होत्या. आचलला वाटलं, सगळंच हातचं गेलं. नोकरी गेली आणि आईही रुसली. बाप असून नसून काय, थवे वाचले नाहीत तर तिला गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

साहेब यायच्या आदल्या दिवशी दुपारी ती घरी आली तर ओसरीवर बायांचा हा घोळका. मधोमध पुस्तकलाबाई बसलेली, पुढ्यात लुगड्यांचा ढीग. टर्रकन आवाज येत होता.

"काय करून रायली, माय?"

"फाडून रायलो. दिसत नाही का?" पुस्तकलाबाईने वर न बघताच एक पट्टी तिच्या अंगावर फेकली. "चिंधी तोडाची नाही. माह्या सासूची रीत हाये. पन एकाच झाडाले बांधाची, असं कोनी सांगतलं? साऱ्या झाडायले बांधू. तलावाच्या चारी आंगानं. मंग पाहू, कोनता गळवाला कुठं गळ टाकते त."

"पन माय, चिंधीजवळ जाळं टाकाचं नाही. म्हंजे साऱ्या तलावात..."

"महिनाभर नाही टाकाचं. समजते मले." पुस्तकलाबाईने बायांकडे नजर फिरवली. एका म्हातारीने नवी कोरी साडी पुढे सरकवली आणि म्हणाली, हिचा रंग चांगला दूरवर दिसते. बाया हसल्या. "तो बिचारा महिनाभर उपाशी बसते," पुस्तकलाबाई म्हणाली, "त आपल्याले एक महिना बांगडे-झिंगे आनून खाता नाही येत का बाजारातून?"

आचल आईजवळ खाली बसली. तिने ढिगातलं एक लुगडं ओढलं, काठाला दात लावला आणि फाडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खानोरकर साहेबांची गाडी बांधावर थांबली. साहेब भला माणूस, योजनेसाठी त्यांनी मंत्रालयात चपला झिजवल्या होत्या. खाली उतरले आणि बघतच राहिले. मैलभर पसरलेला तलाव, आणि त्याच्या काठाच्या प्रत्येक झुडपाला, प्रत्येक खुंटाला, कमळांतून वर आलेल्या प्रत्येक काडीला चिंधी. लाल, हिरवी, जांभळी, ठिपक्यांची, जरीकाठाची.

"आज कसला सण आहे, आचलताई?"

"सण नाही सर. विणीचा हंगाम आहे."

मग साहेबांना बांधावरचे जागले दिसले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. आचलने त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता. स्वतःच्या तपासण्यांतून आपण काय उलटं वाचलं, तेही सांगितलं. जिथे एकही बाप उरलेला नाही तिथेच जागले सोडा, आणि तेही एखादा हंगाम. जिथे बाप आहेत तिथे यंत्र म्हणजे त्यांच्या मुळावर घाव आहे, असं ती म्हणाली.

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "तुमचं शास्त्र बरोबर असेल. पण मी अडचण सांगू का? यंत्र दिसतं. फीत कापता येते, फोटो निघतो. तुमचा हा बाप मुळांत दडून बसतो. मी वर जाऊन काय दाखवू?"

"दाखवायचं काही नाही, सर. ऐकायचं आहे. डोंग्यात बसता का?"

साहेबांना पोहता येत नव्हतं, पण ते बसले. पुस्तकलाबाईने वल्हं घेतलं. तलावाच्या मध्याच्या थोडं पुढे, एका थव्यापासून लांबच, आचलने डोंगा थांबवायला सांगितला आणि माइक सोडला. साहेबांनी हेडफोन लावला. बराच वेळ काही झालं नाही. साहेब घड्याळाकडे बघायला लागले. खालच्या बापाने आज गप्प राहायचं ठरवलं तर सगळंच संपलं.

पाणकावळा आला. चोच वर करून, नाक उडवत चाललेल्या सावकारासारखा, सरळ थव्याच्या दिशेने. साहेब दचकले आणि त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला. समोर पाण्यावरचं लाल क्षणात नाहीसं झालं. पाणकावळ्याने बुडी मारली, वर आला, पुन्हा मारली आणि कंटाळून उडून गेला. मग लाल हळूहळू वर आलं, सबंधच्या सबंध.

साहेबांनी हेडफोन काढला तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "बोलावलं," ते हळूच म्हणाले. "मी ऐकलं. बोलावलं त्याने त्यांना." मग भान येऊन त्यांनी काठाकडे नजर फिरवली. शेकडो चिंध्या वाऱ्यावर हलत होत्या. "पण तो आहे कुठे? यातल्या कोणत्या झुडपाखाली?"

आचलला ठाऊक होतं. तिचं बोट उचललंच जाणार होतं. शोध लावणाऱ्याचं बोट उचललं जातंच. तेवढ्यात तिला आईचा हात दिसला. वल्ह्यावरची पुस्तकलाबाईची बोटं घट्ट झाली होती, आणि ती लेकीकडे बघत नव्हती, पाण्याकडे बघत होती.

"माहीत नाही, सर," आचल म्हणाली.

"तुम्हाला माहीत नाही?"

"कोनालेच माहीत नाही जी," पुस्तकलाबाई म्हणाली आणि तिने डोंगा वळवला.